कळपाचं कुत्रं

कुत्र्यासाठी कुणी खोटं बोलतं का? मी बोलले. आमच्यात मेंढरं विकली की कुत्रं त्यांच्या मागं जातं. त्याचा सौदा होत न्हाई. घेणारा मागत न्हाई, देणारा देत न्हाई. कळप चालायला लागला की ते आपलं आपण उठतं आन चालायला लागतं. कुत्रं कळपाचं असतं, माणसाचं नसतं, हे आमच्या धनगराच्या लेकराला बी ठाऊक हाय. आन मी म्हाळसाबाई, पासष्टी गाठलेली, सारी हयात मेंढरामागं घालवलेली बाई, म्या जमादारला घरामागच्या लिंबाला दोरीनं बांधून ठेवला.

जमादार हे कुत्र्याचं नाव. शिवाच्या बापानं ठेवलेलं. शिवाचा बाप म्हणजे माझा नवरा. लोक त्याला रायभान म्हणायचे. म्या जितेपणी कवा नाव घेतलं न्हाई, आता मेल्यावर काय घेऊ?

महिन्याभराचं पिल्लू खांद्यावरच्या घोंगड्यात गुंडाळून त्यानं आणलं होतं. आमच्या एका मेंढीचं कोकरू तवा नुकतंच मेलं होतं. यानं ते पिल्लू तिच्या थानाला लावलं. मेंढी दोन दिस लाथा झाडत होती. तिसऱ्या दिसी गप उभी राहिली. त्यामुळं झालं काय, त्या येड्याला आपण कुत्रं हाय हेच लय दिस कळालं न्हाई. मेंढरात झोपायचं, मेंढरात उठायचं. मोठं झालं तसं रातच्याला कळपाभोवती फेऱ्या मारायला लागलं, ऐटीत, मान वर करून. म्हणून जमादार.

त्याची एक खोड होती. एखादं मेंढरू मागं राहिलं, बसून गेलं, की हा भुंकायचा न्हाई का चावायचा न्हाई. मागून जायचा आन नाकानं ढोसायचा. एकदा, दोनदा, दहादा. ते उठून चालायला लागंस्तोवर सोडायचा न्हाई. शिवाचा बाप हसायचा आन मला म्हणायचा, "बघ, सासू सुनंला कशी उठवायलीय." मी बी म्हणायचे, "तुमच्या मायनं मला असं नाकानं उठवलं असतं तर बरं झालं असतं, तिनं लाथंनं उठवलं." मंग आमी दोघं हसायचो.

दिवाळी झाली आन आठ दिसांनी शिवाचा बाप गेला. आमचा मुकाम तवा पालमच्या वर एका शेतात होता. त्या शेतवाल्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती. हा सकाळी मेंढरं घेऊन चारायला गेला. दिस कलला. मी भाकरी थापायले होते. मेंढरांची धूळ दिसली, मेंढरं आली, सगळी आली. मागं जमादार आला. माणूस आला न्हाई.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. चुलीतलं जळतं लाकूड वढलं आन त्याला फेकून हाणलं. पाठीत बसलं त्याच्या. "मालकाला कुठं टाकून आलास रे मुडद्या?" म्हणून वरडले. त्यानं कुईं बी केलं न्हाई. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी जाऊन बसला. मंग माणसं बॅटऱ्या घेऊन गेली, तर आमच्या वळखीच्या आश्रुबाच्या शेतात, बांधावरच्या बाभळीला टेकून शिवाचा बाप बसलेला होता. बसल्या बसल्याच गेला होता. दवाखान्यात न्यायला काई राहिलंच नव्हतं.

माती झाली, दहावा झाला, तेरावा झाला. येणारा जाणारा म्हणायचा, "काय इमानी कुत्रं हाय बघा, मालक गेला तरी कळप सुखरूप घरी आणला." ते ऐकलं की माझ्या अंगाची आग व्हायची. इमानी? मेंढरं आणली आन माणूस तितंच सोडून आला, ह्याला इमान म्हणायचं? दुसऱ्यांची कुत्री मालकाच्या मढ्यापासून हलत न्हाईत म्हणं. हा आमचा मातर मेंढरं मोजून घेऊन आला.

कळप एकटीनं सांभाळणं मला होत नव्हतं. गुडघे बोलायलेत दोन वर्सापासून. दिराचा पोरगा बिरदेव म्हणाला, मोठी माय, मी घेतो. त्याचा बी थोडा कळप होता, त्यात मिसळून जाईल. चांगला पोरगा हाय, बायको मनिषा बी कामाची हाय. म्या हो म्हणलं.

ज्या दिसी मेंढरं न्यायला आला त्या दिसी तो इकडं तिकडं बघायला लागला. "मोठी माय, जमादार दिसंना."

"त्याला काय बघतो?" म्या म्हणलं. "दात गेलेत त्याचे. डोळ्यानं बी धड दिसत न्हाई. उगं तुला वझं होईल."

जमादार घरामागं बांधलेला होता. त्याचे दात माझ्यापेक्षा चांगले होते.

बिरदेवानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मंग म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे." आन कळप चालायला लागला. जमादारला उभ्या जन्मात कुणी बांधलं नव्हतं. त्याला दोरी म्हणजे काय हेच कळंना. धावायचा आन हिसका बसून पडायचा, धावायचा आन पडायचा. मेंढरांचा आवाज लांब जाऊन विरला तरी भुंकत होता. दुसऱ्या दिसी त्याचा घसा बसला. म्या दूध-भाकरी कुस्करून पुढं ठेवली, तोंड लावलं न्हाई.

आता तुमी विचाराल, कामून ठेवलंस बाई? मायेनं ठेवलं का रागानं, मला आजून सांगता येत न्हाई. घरात बोलायला कुणी नव्हतं, हे एक. आन दुसरं, मला वाटायचं, शेवटाला माझ्या माणसाजवळ हाच होता. काय झालं, कसं झालं, पाणी मागितलं का, माझं नाव घेतलं का, हे ह्यालाच ठाऊक. सांगणार तर काई न्हाई मेला. पण ज्याला ठाऊक हाय त्याला मी कसं जाऊ देऊ?

तिसरं बी एक कारण होतं, ते सांगायला लाज वाटती पण सांगते. माझा शिवशंकर परभणीला कारकून हाय. घर तिसऱ्या मजल्यावर. सून दीपिका स्वभावानं चांगली हाय, तिला नाव ठेवणार न्हाई मी. नात सोनू तर माझा जीव. पण पंधरा दिस राहून आले होते तवा. खिडकीतून बघावं तर दुसऱ्याची खिडकी. सोनूनं काचेच्या भांड्यात एक लाल मासा पाळलेला, तो दिसभर गोल गोल फिरतो. मी त्याच्याकडं बघत बसायचे आन तो माझ्याकडं. शिवा दर रविवारी फोन करायचा, "माय, एकटी काय करायलीस तिथं? इकडं ये." आन त्या इमारतीत कुत्रं चालत न्हाई. म्हणून मी म्हणायचे, "जमादारला कुठं टाकू रे?" की तो गप बसायचा. असं ते कुत्रं माझ्या लय कामाला यायलं होतं.

तीन महिने गेले. जमादार खायला लागला, पण पोटापुरतं. दिसभर लिंबाभोवती फिरायचा, दोरी पुरंल तेवढ्या अंतरावर. तितली माती झिजून गोल वाट पडली, घाण्याच्या बैलाची पडते तशी. सांजच्याला, मेंढरं मुकामावर यायच्या टायमाला, फिरायचा थांबायचा आन रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचा. मी भाकरी टाकत टाकत त्याला बोलायचे, "बघ, बघ. आता तुला बी कळू दे, वाट बघणं काय असतं."

पालमच्या बाजारात मला मुंजाजी भेटला. मुंजाजी आमच्याच भावकीतला, मेंढरंवाला. मी शेंगदाणे घ्यायले होते, तो मागून म्हणाला, "वयनी, बिरदेवाची खबर कळाली का?"

"काय झालं?"

"लांडगा शिरला कळपात. दोनदा. नऊ कोकरं नेली. त्याचं ते तरणं कुत्रं नुसतं भुंकतं आन पळतं. म्या म्हणलं, अरं मोठ्या मायकडून जमादारला घेऊन ये. तर म्हणतो, न्हाई, तिला तेवढाच आधार हाय. आता तुमीच सांगा, म्हाताऱ्या कुत्र्याचा कसला आधार वयनी, दात गेलेलं म्हणं ते."

 नऊ कोकरं. त्यांच्या आया तवा पोटुशा होत्या, पोटावर हात फिरवून म्या त्यांना पाठवलं होतं. शिवाच्या बापानं सारा पावसाळा पाणी पाजून, पाला तोडून वाढवलेल्या मेंढ्या त्या. आन मी हितं राखणदाराला लिंबाला बांधून त्याच्यावर राग काढत बसलेली.

घरी आले ती सरळ लिंबाकडं गेले आन जमादारची दोरी सोडली. वाटलं, आता सुटंल बाणासारखा. तो सुटला न्हाई. त्याच गोल वाटेवर चालायला लागला. दोरी न्हाई, काई न्हाई, आन लिंबाला फेऱ्या मारायलाय.  मी मटकन खाली बसले आन त्याला म्हणलं, "माझं चुकलं रे बाबा."

शिवाला फोन केला. "मी जमादारला बिरदेवाकडं पोचवायला जायले. चुडाव्याच्या पलीकडं हाय म्हणं त्याचा मुकाम. त्याला सोडते आन तितल्या टेशनावरून गाडीत बसून तुझ्याकडं येते. कायमची."

त्यानं मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मंग म्हणाला, "माय, खरंच? थांब, मी गाडी करून येतो, तू पायी नको..."

"एसटीत कुत्र्याला घेत न्हाईत आन मोटारीत हा बसणार न्हाई. पायी जाते."

"अगं पण पाय तुझे..."

"पाय माझे हायत ना? मंग मी बघून घेईन."

माघ संपत आला होता. घोंगडं, भाकरीचं गठुडं, दोन लुगडी पिशवीत, आन हातात जमादारची दोरी. दोरी लावली कारण मला माझ्यावरच भरवसा नव्हता; पुढं वढणारं कुणी नसतं तर मी माघारी फिरले असते. सकाळी निघाले. पहिला कोसभर गुडघे कुरकुरले, मंग त्यांना बी वळखीची वाट लागली आन गप झाले.

मी काय सांगू तुमाला, चार महिन्यात पहिल्यांदा त्या दिसी मला भूक लागली. करडई फुलली होती, ज्वारीची काढणी चालू होती, बाया वाकून वाकून ताटं उपटायल्या होत्या. एकीनं हाक मारली, "मावशी, मेंढरं कुठं तुमची?" म्या म्हणलं, "पुढं गेलीत, मी मागं राहिले." तिनं हुरडा दिला पदरात. बांधावर बसून खाल्ला. जमादारला भाकरी दिली, त्यानं सगळी खाल्ली. पळसाला फुलं यायला लागली होती. डोक्यावर एक चंडोल आभाळात लटकून वरडत होता, काय सुख झालं होतं त्याला देव जाणे. मी त्याच्याकडं बघत तितंच आडवी झाले आन दिसाढवळ्या झोपले. घरात रातभर आढं बघणारी बाई मी, बांधावर ढेकळं टोचत असताना झोपले.

लय बदललंय पण सगळं. जिथं गायरान होतं तिथं आता तारेचं कुंपण. जिकडं बघावं तिकडं ऊस. मेंढरू ह्या वाटेनं न्यायचं म्हणजे डाव्या अंगाला बी दुसऱ्याचं आन उजव्या अंगाला बी दुसऱ्याचं, मधून तोंड बांधल्यासारखं चालायचं. डांबरी सडक रुंद झाली, तिच्या काठची चिंचंची झाडं गेली. त्या चिंचंखाली माझा शिवा पाळण्यात झोपायचा. एका फांदीला लुगडं बांधलं की झाला पाळणा. आता तो पोरगा तिसऱ्या मजल्यावर झोपतो आन झाड तर न्हाईच. मी थोडा येळ तिथं उभी राहिले. मंग एक ट्रक मागून भोंगा वाजवायला लागला म्हणून बाजूला झाले.

सांजच्याला आश्रुबाचं शेत आलं. खरं सांगते, मला त्या शिवारातून जायचंच नव्हतं. चार महिन्यात मी तिकडं फिरकले नव्हते. पण दुसरी वाट कोसभर लांबची होती आन पाय भरून आले होते. बांधावर ती बाभळ होती. मी लांबूनच थांबले. मला वाटलं, जमादार आता काईतरी करंल, हुंगंल, रडंल. त्यानं तिकडं बघितलं बी न्हाई. हौदाकडं गेला आन पाणी प्यायला लागला. झालं, माझं डोकं पुन्हा फिरलं.

"बघितलंस का ह्याला?" म्या पंचफुलाला म्हणलं. पंचफुला म्हणजे आश्रुबाची बायको. शेतातल्या घरातून, आखाड्यावरून, लगबगीनं आली होती ती मला बघून. बुद्धाची माणसं हायत ती, लय वर्साचा आमचा घरोबा. सालोसाल आमची मेंढरं त्यांच्या शेतात बसली. "ह्याला काई वाटतं का बघ. तवा बी असाच टाकून आला माझ्या माणसाला."

पंचफुलानं मला आखाड्यावर नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, भाकरी वाढली. जेवण झालं. बाहेर आभाळ चांदण्यांनी भरलं होतं. तवा ती म्हणाली, "म्हाळसाबाई, तुमाला एक सांगायचंय. त्या दिसी गर्दीत सांगता आलं न्हाई, आन मंग तुमी आलाच न्हाईत इकडं."

"सांग की."

"त्या दिसी मी पलीकडल्या पट्टीत कापूस येचायले होते. भाऊ बाभळीला टेकून बसलेले दिसत होते मला. म्या म्हणलं, डोळा लागला असंल. हा जमादार त्यांना ढोसायलाय, नाकानं. हाताला ढोसतो, पाठीला ढोसतो, मानंत नाक घालतो. मला हसू आलं, म्हणलं बघा, कुत्रं मालकाला उठवायलंय. लय येळ चाललं त्याचं. मेंढरं हिरीकडं वळली, तर हा पळत गेला, त्यांना वळवून आणलं आन पुन्हा ढोसायला लागला. पुन्हा मेंढरं सडकेकडं गेली, पुन्हा गेला, पुन्हा आला. त्यांचा पटका दातात धरून वढला त्यानं. डोक्यावरनं सुटून आला पटका, तो बी तोंडात धरून उभा राहिला. दिस बुडायला लागला तवा कुठं मेंढरं घेऊन गेला बिचारा. तीनदा मागं वळून बघितलं त्यानं. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं."

मी आयकत बसले. मला त्या जळत्या लाकडाचा आवाज आला, त्याच्या पाठीत बसलं तवाचा.

"म्या हाणलं ग त्याला," म्या म्हणलं. "जळत्या लाकडानं हाणलं."

"तुमी कुत्र्याला हाणलं," पंचफुला म्हणाली. "मला कोन हाणावं? म्या हाक बी मारली न्हाई. एक हाक मारली असती, जवळ जाऊन बघितलं असतं... मी कापूस येचत राहिले, म्हाळसाबाई. हसत येचत राहिले."

मी तिचा हात धरला. आमी दोघी म्हाताऱ्या तशाच बसून राहिलो. सकाळी मी बाभळीकडं गेले. एकटीच गेले. बुडाशी जरा बसले, त्यानं पाठ टेकली होती तिथं हात फिरवला. साल खरबरीत होती, ऊन पडून कोमट झाली होती. भोवती होल्याची पाखरं चरत होती. जागा वाईट नव्हती. माणसानं जायला चांगली जागा होती ती, सावलीची, मेंढरं दिसतील अशी. मला उगंच इतके दिस तिची भीती वाटली.

पुढचे दोन दिस जमादार आन मी दोरीशिवाय चाललो. पुलावरून गोदावरी ओलांडली, तवा त्यानं खाली उतरून पाणी पिलं, म्या बी तोंड धुतलं. वाटेत त्याच्याशी बोलत होते. भांडत न्हाई, बोलत. शिवाच्या बापाचं, मेंढरांचं, परभणीच्या त्या माशाचं. पाठीवर जिथं लाकूड बसलं होतं तितले केस आजून नीट आले नव्हते. रोज सांजच्याला तिथं गोडं तेल लावायचे.

चुडाव्याचं टेशन मागं टाकलं आन दोन शेतं गेल्यावर जमादार थांबला. नाक वर केलं. मला काईच दिसत नव्हतं, आवाज बी न्हाई. त्याच्या अंगाला कापरं भरलं होतं. म्या म्हणलं, "जा की मंग, माझी कसली वाट बघतो?" आन तो सुटला. ह्या बारीला सुटला खरा बाणासारखा. मी गुडघे वढत टेकाड चढले तवर तो मेंढरांत शिरला होता. म्हाताऱ्या मेंढ्या त्याला हुंगायल्या होत्या, त्यानं एकीच्या पाठीवर मान टाकली होती. माझ्याकडं त्यानं एकदा बी वळून बघितलं न्हाई.

मनिषानं चहा केला. बिरदेव समोर बसला. मी कप खाली ठेवला आन म्हणले, "दात धड हायत त्याचे. मी खोटं बोलले होते."

"ठाऊक होतं मला," बिरदेव म्हणाला. "घरामागून आवाज येत होता की त्याचा."

"मंग नेलं कामून न्हाईस? बोलला कामून न्हाईस? नऊ कोकरं गेली रे लेकरा."

तो मातीत काडीनं रेघा मारत होता. "तुझ्याकडं तेवढंच राहिलं होतं, मोठी माय. मला मागवंना."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठले, मेंढ्यांतून फिरले, एकेकीच्या कानामागं हात फिरवला, ज्यांची कोकरं गेली होती त्यांची माफी मागितली. मेंढ्यांना काय कळतंय. पण मागितली.

गाडी सांजची होती. मनिषा म्हणाली, आजच्या दिस राहा. म्या म्हणलं, न्हाई, शिवा टेशनावर येऊन उभा राहील. पिशवी घेतली आन निघाले. शेताच्या शेवटाला बांध होता, पलीकडं टेशनाची वाट. बांधावर जरा टेकावं म्हणून बसले, आन बसले ती बसलेच. पायांनी जीवच सोडला. तीन दिस चाललेली बाई मी, त्या शंभर पावलांना उठता येईना. हात मोकळे होते. तीन महिने त्यात दोरी होती, त्याच्या आधी भाकरी होती, काठी होती, कोकरू होतं. आता काईच नव्हतं. तिकडं परभणीला जाऊन हे हात कुठं ठेवायचे, ते मला समजंना. नवरा गेला तवापासून लोकांदेखत रडले, लोकांनी रड म्हणलं म्हणून रडले. तिथं एकटी बसून खरं रडले. आवाज काढून रडले, लाजलज्जा सोडून.

लांबून गाडीची शिट्टी आली. मागं बिरदेव मेंढरं जाळीकडं वळवायला लागला होता, त्याची हाळी ऐकू येत होती, शिवाच्या बापासारखीच होती ती, एकाच घरातली. दिस बुडायला टेकला होता. मी डोळे मिटून बसले होते. उठावं असं मला कशासाठीच वाटत नव्हतं.

तेवढ्यात पाठीला काईतरी लागलं. ओलं, गार. मंग हाताला. मंग पुन्हा पाठीला, जोरात.

"जा रे," म्या म्हणलं. "मी काय मेंढरू हाय का?"

तो जाईना. मेंढरं त्याच्या मागं निघाली होती, त्यांच्याकडं एकदा पळत गेला, वळवून आला आन पुन्हा मानंत नाक घातलं. पदर दातात धरून वढायला लागला. तिकडं गाडी आली, थांबली आन गेली. माझ्या डोळ्यापुढं ती बाभळ आली. शिवाच्या बापाला बी असंच ढोसलं असंल ह्यानं. हाताला, पाठीला, लय येळ. तो उठला न्हाई.

मी उठले. पिशवी काखेत मारली आन मेंढरं चालली होती तिकडं चालायला लागले. जमादार माझ्या मागं होता.